हौसाबाईच्या माळवदावरची माती

एखाद्या जुन्या देवळापुढे किंवा बुरुजापुढे सरकारची निळी पाटी दिसली की लोकांना बरं वाटतं. चला, याला कुणीतरी वाली आहे म्हणतात. मला मात्र ती पाटी दिसली की अजून डोक्यात तिडीक जाते. माझी सगळी नोकरी त्या पाट्या लावणाऱ्या खात्यात गेली. बायको म्हणते, "पेन्शन त्यांचीच खाता ना? मग गप्प बसा." आता गप्पच बसायचं तर दिवाळी अंकात लिहायचं कशाला? संपादकांना खात्यातल्या गमतीजमती हव्या आहेत. एखाददुसरी देतो, पण मग मला जे सांगायचंय ते सांगणार. त्यांना कापायचं असेल तर खुशाल कापोत.

मी नकाशानवीस, म्हणजे ड्राफ्ट्समन. सरकारनं एखादी जुनी वास्तू संरक्षणाखाली घ्यायचं मनात आणलं की सगळ्यात आधी माझ्यासारख्याला धाडतात. टेप, सुतळी, ओळंबा आणि पेन्सिल घेऊन जायचं, भिंत न् भिंत मोजायची आणि दगड न् दगड कागदावर उतरवायचा. मग साहेब पाहणी करतात. ते 'हो' म्हणाले तर दारावर नोटीस चिकटते की कुणाची हरकत असेल तर कळवा. हरकती ऐकून झाल्या की शेवटचा हुकूम निघतो आणि पाटी लागते. त्यानंतर तिथला दगड कुणी हलवला तर तो गुन्हा. इतकं सोपं काम आहे, आणि एवढ्या सोप्या कामात माणसं काय काय घोळ घालतात ते बघून मी म्हातारा झालो.

एक गृहस्थ चुलत्याची विहीर 'पांडवकालीन' ठरवून घ्यायला वर्षभर खेपा घालत होते. शेवटी कळलं की भाऊबंदकीचा दावा होता आणि सरकारनं विहीर घेतली तर चुलत्याचं नाक कापलं जाणार होतं. एका गावात साहेब पाहणीला येणार म्हणून गावकऱ्यांनी देवळापुढचे दोन काळ्या दगडाचे सिंह चंदेरी रंगानं रंगवून ठेवले होते. वर त्यांना फेटे! साहेब हसले, मी हसलो नाही. तो रंग घासून काढायला मला जावं लागलं होतं. असो, झाल्या गमती.

आता हौसाबाईचं सांगतो.

पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. पिंपरीकडे तेव्हा निर्वासितांची वसाहत सोडली तर ज्वारीची रानं, बाभळी आणि मधूनच एखादं गाव. पण कारखाने यायला लागले होते. माळावर जागोजागी आखणीच्या खुंट्या दिसत, आणि आपल्या बांधात खुंटी कधी ठोकली जाते या धास्तीनं लोक सकाळी उठून आधी रान बघून येत. पुण्यात आमच्या कचेरीत यातलं काही पोचत नसे. आमच्याकडे फक्त मेलेल्या राजांची चौकशी.

एके दिवशी दाराशी कारकुनाचा आवाज चढला. "अहो बाई, इथं भाजी नको. चला, निघा." बघतो तर चाळिशीच्या पुढची एक काटक बाई, काष्टा कसलेला, डोक्यावर रिकामी पाटी. ती कारकुनाला म्हणत होती, "भाजी खडकीला इकून आले मी. तुमाला कोण देतंय? हितं जुनी घरं वाचवत्यात म्हणं. माझं जुनं हाय. रस्त्यात चाललंय."

मी उठून विचारलं, "किती जुनं?"

"मला काय ठावं? सासरं म्हणायचं, आधी घर झालं, मग गाव झालं."

असली वाक्यं आम्ही रोज ऐकायचो आणि त्यातली बहुतेक फुकट जायची. पण रविवारी सायकल काढली आणि गेलो. पवनेच्या काठी गाव, गावाच्या टोकाला ते घर. मी सायकल आडवी टाकली आणि नुसता बघत उभा राहिलो. घडीव काळ्या दगडाचं तीन खणांचं घर. दगडाला दगड असा बसलेला की मधे नख जाईना. दारावर एकच पट्टी कोरलेली, तीसुद्धा इतकी साधी की घर बांधणाऱ्याला आपली कला मिरवायची हौस नव्हती हे कळावं. पाथरवटाचं घर होतं ते. नदीचा घाट बांधायला सोलापूरकडून आलेला कुणी पाथरवट इथंच राहिला आणि उरलेल्या दगडातून त्यानं स्वतःला घर बांधलं. हौसाबाईच्या नवऱ्याचं घराणं त्याचंच. राजाचे, सरदारांचे वाडे पायलीला पन्नास पडलेत. पण ज्यानं ते वाडे बांधले त्या माणसाचं स्वतःचं दगडी घर? माझ्या नोकरीत तोवर एकही बघितलं नव्हतं, पुढेही बघितलं नाही. पेशवाईच्या आधीचं असावं असं नंतर आमच्या जाणकारांनी सांगितलं. मला त्या दिवशीच खात्री पटली होती.

आणि वर माळवद. आपल्या भागात घराला कौलं किंवा गवत, पण हा पाथरवट पडला सोलापूरकडचा, त्यानं आपल्या देशाचं छप्पर घातलं. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाच्या तुळया, त्यांवर कामट्या, त्यांवर पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिकट मातीचा जाड थर. वर सपाट गच्ची. उन्हाळ्यात खाली गारवा असतो आणि पावसाचं पाणी उतारानं पन्हळीतून खाली पडतं. पण याची एक गोष्ट आहे. ती माती दर वर्षी पावसात थोडी वाहून जाते, उन्हात तडकते. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, पायांनी तुडवायची आणि धुमसानं ठोकून बसवायची. एक वर्ष चुकलं तर गळती लागते. दोन वर्षं चुकलं तर तुळया कुजतात. माळवदाच्या मुलखात हे पोराटोरांनाही माहीत असतं, यात काही मोठी विद्या नाही.

मी मोजमाप करत होतो तेव्हा हौसाबाई भाकरी घेऊन आली. म्हणाली, "भाऊसाहेब, खरं सांगा. वाचंल का?"

"प्रयत्न करतो."

"प्रयत्न नगं. व्हय का न्हाई ते बोला."

"होय," म्हणालो. काय करणार, घरच तसं होतं.

त्या नकाशात मी जीव ओतला. साहेब पाहणीला आले तेही खूश झाले. आमचे साहेब वाईट नव्हते हो, हेच तर दुःख आहे. विद्वान, निर्व्यसनी, कधी कुणाला अपशब्द नाही. फक्त सही करायची म्हटलं की हात कापायचा. घरातून बाहेर येऊन ते म्हणाले, "उत्तम नमुना आहे, नक्की घेऊ. पण राहतं घर आपण घेत नाही. चूल पेटते, धूर होतो, खिळे ठोकतात. घर रिकामं पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, ती बाई राहते म्हणून तर ते टिकलंय."

"ते ठीक. पण खात्याची रीत आहे."

हौसाबाईला हे मी सांगितलं. ती ओट्यावर बसली होती. एका बाजूला रस्त्याच्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला आमची नोटीस. रस्ता आला तर घर जातंय आणि आम्ही आलो तर घर राहतंय पण ती जातेय. म्हणाली, "ऱ्हाईल तर खरं. म्या रानात छपरात पडंन. पर दगूड जाग्यावर ऱ्हाऊ द्या." तिनं हरकत घेतली नाही. हुकूम निघाला, रस्त्याची आखणी घराच्या पलीकडून वळवली गेली आणि पाटी लागली. मी त्या दिवशी कचेरीत पेढे वाटले होते. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

संरक्षित वास्तूला पहारेकरी लागतो आणि तो गावातलाच घ्यायची आमच्याकडे पद्धत. गावातून अर्ज कुणाचा यावा? हौसाबाईचा मुलगा किसन, विशीतला, चार इयत्ता शिकलेला. साहेबांनी त्याला लगेच घेतलं. खाकी कपडे, बिल्ला, सरकारी नोकरी! गावात तेव्हा सरकारी नोकरी म्हणजे केवढी गोष्ट. हौसाबाईनं गावाला गूळ वाटला. पोरगं आपल्याच घराची राखण करणार, वर सरकार त्याला पगार देणार, याच्याहून बरं ते काय? मलाही तसंच वाटलं होतं.

पहिला उन्हाळा संपत आला. पाटीचा रंग उडाला होता म्हणून मी गेलो होतो, तर हौसाबाई डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन येताना दिसली. किसन दारात उभा होता. आई जवळ आली तसं त्यानं तोंड फिरवलं आणि नदीकडे बघत उभा राहिला. जणू त्या दिवशी नदीला काही नवं पाणी आलं होतं. ती वर चढली, माती ओतली, खाली आली, पुन्हा वर गेली. असं दिवसभर चाललं होतं. मी पाटी रंगवत बसलो. त्या पावसाळ्यात घरात एक थेंब गळला नाही.

दिवाळीनंतर साहेब दौऱ्यावर आले आणि शिडीवरून माळवदावर चढले. खाली आले ते कपाळाला आठ्या घालून.

"वर नवीन माती आहे. कुणी टाकली?"

किसन पाटीकडे बघायला लागला. मीच म्हणालो, "साहेब, दर वर्षी टाकावीच लागते."

"मूळ स्वरूपात फेरफार झाला हा. संरक्षित वास्तूत खाजगी व्यक्तीनं भर घातली. उद्या वर कुणी विचारलं तर मी काय उत्तर देऊ?"

"साहेब, आपण पंढरपूरकडचे. आपल्या घरी माळवद आहे. आपणच मागे सांगत होता, लहानपणी माती तुडवायला मजा यायची."

"आहे ना. पण गावी मला कुणी ऑडिट करत नाही."

बघा! माणसाला माहीत नसतं तर मी समजू शकलो असतो. अडाण्याला माफी आहे. ह्यांना सगळं माहीत होतं. पायांना त्या मातीचा स्पर्श माहीत होता. तरीही माती टाकायची तर प्रस्ताव हवा, प्रस्तावाला मंजुरी हवी, मंजुरीनंतर ठेकेदार हवा, आणि तोवर कुणी हात लावायचा नाही. किसनला लेखी तंबी मिळाली की पुन्हा असं घडलं तर नोकरी जाईल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

मी प्रस्ताव केला. माती, पाणी, दोन माणसं, एवढंच त्यात होतं. दर आठवड्याला विचारायचो. 'वर गेलाय.' वर म्हणजे कुठं ते मला पेन्शनीत निघेपर्यंत कळलं नाही. मृग तोंडावर आला तेव्हा मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहून म्हणालो, "तोंडी परवानगी द्या. त्या बाईला टाकू द्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमचं नाव सांगून चालत नाही हो. सही माझी असते."

तसाच सायकल हाणत गावात गेलो. वाटलं, निदान किसन तोंड फिरवेल. गेल्या वर्षी फिरवलं होतंच की. पण पोचलो तर दारात पाचपंचवीस माणसं जमलेली. हौसाबाई घमेलं डोक्यावर घेऊन उभी आणि किसन शिडीच्या पुढे दोन्ही हात पसरून.

"सरक," ती म्हणाली.

"आये, नगं. माझी नोकरी जाईल."

"सरक म्हनते न्हवं? आभाळ बघ वर."

"आये, पाया पडतो तुझ्या. जा."

"कुनाचं घर राखतूस रं तू?"

किसनच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्यानं खाकी बाहीनं ते पुसलं आणि म्हणाला, "सरकारचं."

हौसाबाईनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं, सगळी माती त्याच्या पायांवर ओतली आणि रिकामं घमेलं घेऊन रानाकडे चालती झाली. मागं वळून बघितलं नाही. गर्दीतला एक म्हातारा मला म्हणाला, "भाऊसाहेब, तुमच्या खात्यानं लई मोठं काम केलं. आय-लेकराची ताटातूट कंदी कुना वैऱ्याला जमली न्हवती." मी मान खाली घातली आणि सायकल काढली.

त्या वर्षी घर गळलं. पुढच्या वर्षीही मंजुरी आली नाही, पुढच्या वर्षीही किसन शिडीपुढे उभा राहिला. फक्त आता कुणी माती घेऊन येतच नव्हतं. हौसाबाई घराच्या बाजूला फिरकेना, मुलाशी बोलेना. त्याच्या भाकरीचं गाठोडं शेजारणीच्या हाती धाडायची, एवढाच संबंध. श्रावणात एका दुपारी मधल्या खणाचं माळवद तुळयांसकट खाली आलं. किसन बाहेर ओट्यावर होता म्हणून वाचला. भिंतीत पाणी मुरून मागची बाजू फुगली आणि चार दिवसांनी तीही बसली. शेकडो वर्षं उभं असलेलं घर आमच्या संरक्षणात तीन पावसाळेही टिकलं नाही. ज्या रस्त्यापासून आम्ही ते वाचवलं होतं, त्या रस्त्यानं निदान एका दिवसात पाडलं असतं!

घर पडल्यावर मंजुरी आली. वरातीमागून घोडं. ठेकेदार माती घेऊन हजर, आणि टाकायची कुठं ते विचारायला लागला.

साहेबांनी मला पडझडीचा नकाशा करायला सांगितलं आणि म्हणाले, "कारण अतिवृष्टी लिहा." मी म्हणालो, "पाऊस नेहमीइतकाच झाला. माती टाकू दिली नाही हे कारण आहे." साहेबांचा आवाज प्रथमच चढला. मी लिहिलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं. मग दोन ओळींचा हुकूम निघाला की सदर वास्तूचं महत्त्व आता उरलेलं नाही, सबब संरक्षण काढून घेण्यात येत आहे. किसनची जागाही रद्द झाली. खाकी कपडे परत घेतले. आणि काय सांगू, कचेरीतून दोन माणसं खास गेली, ती निळी पाटी खणून काढून पोत्यात गुंडाळून घेऊन आली. तिच्यावर ओरखडा उठता कामा नये, भांडारात जमा करायची होती ना! एका घराची इतकी काळजी आम्हाला कधी घेता आली नाही.

मी हौसाबाईच्या छपरात जाऊन सांगितलं, "घर तुमचं झालं." वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "व्हय का," आणि उठून अंथरुणाची वळकटी बांधायला लागली. त्याच दिवशी ती उभ्या राहिलेल्या दोन खणांपैकी एकात राहायला गेली, वर अर्धं आभाळ.

किसनला पुढे एका कारखान्यात काम लागलं. शिफ्ट सुटली की तो यायचा आणि पडलेले दगड एकेक करून उचलून लावायचा. आई काही बोलायची नाही. तो दगड चुकीचा बसवायला लागला की नुसती मान हलवायची. असं कितीतरी महिने चाललेलं गावानं बघितलं. मी त्या वाटेला गेलो नाही, मला तोंड नव्हतं.

दशक संपता संपता आमचे साहेब बदलून गेले आणि नवे आले. तरुण, हुशार, नव्या कायद्याचं पुस्तक काखेत. कपाटं उपसता उपसता त्यांना माझा तो नकाशा सापडला. मला बोलावून म्हणाले, "अहो, काय काम केलंय तुम्ही! आणि काय घर आहे हे! पडलं म्हणतात, पण काहीतरी उरलं असेल की. भिंती असतील तर आपण पुन्हा घेऊ. बघून या."

मन घट्ट करून गेलो. घर उभं होतं, तिन्ही खण. मागची भिंत पहिल्यासारखी सरळ नव्हती, पण उभी होती. माळवदावर किसन धुमसानं माती ठोकत होता आणि खालून हौसाबाई बोलत होती, "पन्हळीकडं दाब रं. तिकडं पानी थांबतंय." म्हणजे बोलायला लागली होती. दारातून चुलीचा धूर येत होता. मला बघून किसन वरच थांबला. हौसाबाईनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "आता काय?"

मी खरं ते सांगितलं. नवे साहेब आहेत, चांगले आहेत, घर पुन्हा घ्यायचं म्हणतात.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "भीक नको पण कुत्रं आवर. त्ये पैलं सायबबी चांगलंच हुतं."

एवढंच. मग ती वर बघून म्हणाली, "थांबलास का? ऊन उतरायच्या आत आटप."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी उत्सुकतेनं विचारलं, "मग? काय उरलंय?"

मी म्हणालो, "काही नाही साहेब. दगडसुद्धा लोकांनी नेले. सपाट रान आहे."

"अरेरे." साहेबांना मनापासून वाईट वाटलं. म्हणाले, "आपण वेळेवर पुन्हा संरक्षण द्यायला हवं होतं."

"हो साहेब," मी म्हणालो. संध्याकाळी तो नकाशा गुंडाळून काखेत मारला आणि घरी घेऊन आलो. ती सरकारी मालमत्ता आहे. कुणाला खटला भरायचा असेल त्यानं भरावा. गावाचं नाव मात्र मी कोर्टातसुद्धा सांगणार नाही.